बाईंचं क्रियापद

बाई जिना चढायला लागल्या की सविता आणि मी बोलणं थांबवायचो. चढताना त्या कठड्याला हात लावत नसत. गुडघे दुखायचे, ते चेहऱ्यावर दिसायचंही, पण कठडा धरणं म्हणजे कुणाचे तरी उपकार घेणं असं त्यांना वाटत असावं. वर येऊन दारात उभ्या राहायच्या, खोलीभर नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, "आजचं क्रियापद?"

बोईसरच्या पश्चिमेला, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत त्यांचं घर होतं. खाली त्या एकट्या, वर भाड्याची एक खोली, आणि त्या खोलीत आम्ही दोघी. मी दातिवऱ्याची. तारापूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली होती आणि रोज गावाहून येणं जमण्यासारखं नव्हतं. सविता विक्रमगडच्या बाजूची. पावसाळ्यात घरच्या डोंगरउतारावरच्या शेतात, आणि बाकी वर्षभर एका ठेकेदाराच्या हाताखाली केमिकलच्या कारखान्यात पॅकिंगला. बाई निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर पालघर तालुक्यातल्या शाळांत इंग्रजी शिकवलं, आणि निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही म्हणून भाडेकरू ठेवले, असं मला वाटतं.

पाण्याच्या मोटारीचं बटण त्यांच्या स्वयंपाकघरात होतं. "बाई, पाणी" असं जिन्यातून म्हटलं की खालून प्रश्न यायचा, "पाण्याचं काय? पाणी गोड आहे? पाणी आटलं? पूर्ण वाक्य." माझ्याकडून त्यांना ते वाक्य इंग्रजीत हवं असायचं. सविताकडून मराठीत, पण शुद्ध. एकदा ती डोक्याला साबण लावून जिन्यात उभी होती आणि ओरडत होती, "पानी नाय बाई!" बाई शांतपणे म्हणाल्या, "पाणी. ण. जीभ वर लाव. आणि नाही." सविताने डोळे मिटून ते वाक्य म्हटलं तेव्हा कुठे मोटार सुरू झाली. त्या रात्री ती मला म्हणाली, "ही बाई पान्याला पन शाळा लावते."

खरं तर बाई शिरगावच्या. वाडीतल्या, नारळ आणि पानवेलीच्या घरातल्या. फार संताप आला की त्यांच्याही तोंडून 'नाय' निसटायचं आणि मग त्या स्वतःवरच चिडायच्या. भाऊ नारळ पाठवायचे. त्यांनी चिठ्ठीत एक जरी चूक केली असली तरी बाई फोन करून आधी चूक सांगायच्या, मग नारळ पोचले म्हणायच्या.

पर्समध्ये खडू असायचा. बाजारात एखाद्या पाटीवर इंग्रजी चुकलेलं दिसलं की त्या थांबायच्या. एका मोबाइलच्या दुकानाच्या पाटीवर 'रिपेअरिंग'मधलं एक अक्षर गळलं होतं. बाईंनी स्टूल मागितलं, दुकानदाराला वाटलं बसायला हवं आहे, त्याने दिलं. त्या स्टुलावर चढल्या आणि अक्षर घातलं. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, दुकान माझं हाय." बाई म्हणाल्या, "दुकान तुझं. भाषा तुझी नाही." माणसं जमली. तो पोलिसांत जाईन म्हणाला. "जा," बाई म्हणाल्या, "फक्त तक्रारीत हा शब्द नीट लिही." मी पिशवी छातीशी धरून उभी होते. तो हात उगारतो की काय असं एक क्षण वाटलं होतं. बाई स्टुलावरून उतरल्या आणि चालू लागल्या. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

एकदा गल्लीतला एक तरुण छातीवर मोठ्या अक्षरांत 'स्वॅग' लिहिलेला टी-शर्ट घालून गेला. सविताने विचारलं, "बाई, स्वॅग म्हंजे काय?"

बाई खुर्ची ओढून बसल्या. म्हणजे तास सुरू झाला.

"हल्लीची मुलं तो शब्द कौतुकाने वापरतात. रुबाब, ऐट, असं काहीतरी. पण त्याच्या मागे एक क्रियापद आहे. स्वॅगर. तोऱ्यात चालणं. खांदे डोलवत, पाय फेकत, रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखं. नुसतं चालणं नव्हे, बोलण्यातही होतं. बढाई मारणं, दमात घेणं, तेही स्वॅगर." मग त्यांनी फरक सांगितला. स्ट्रट म्हणजेही ऐटीत चालणं, पण ते कोंबडा करतो, मोर करतो. स्वॅगरमध्ये दांडगाई असते, ती माणसाचीच. "आणि एक लक्षात ठेव. हे क्रियापद 'मी'ला लागत नाही. मी तोऱ्यात चालतो, असं कोण म्हणेल? बघणारा म्हणतो. तो, ती, ते."

"मंग बघनाऱ्याचं चुकलं तर?" सविताने विचारलं.

बाईंना तो प्रश्न आवडला नाही. "डोळे असतात माणसाला," त्या म्हणाल्या. आणि मग हसून त्यांनी एक गोष्ट सांगितली. नववीच्या वर्गात हाच शब्द मुलांच्या डोक्यात शिरत नव्हता. वर्गात एक मुलगा होता, नेहमी पाय फाकून, डुलत डुलत यायचा. बाईंनी त्याला उठवलं आणि फळ्यापासून दारापर्यंत चालायला लावलं. पुन्हा परत. प्रत्येक पावलाला वर्ग म्हणायचा, स्वॅगर, स्वॅगर. "मुलं हसून हसून लोळली. त्या वर्गातला एकही मुलगा तो शब्द विसरला नसेल," बाई म्हणाल्या. इतक्या खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सविता भाजली.

गुरुवारी दुपारी ठेकेदाराच्या गाडीतून ती घरी आली तेव्हा मानेपासून कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. कारखान्यात एका पाइपच्या जोडातून अ‍ॅसिड उडालं होतं. कामगारांच्या सरकारी दवाखान्यात न नेता ठेकेदाराने तिला ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं होतं आणि वाटेत पढवलं होतं की विचारलं तर घरी तेल उडालं म्हणायचं. तिने आम्हाला हे सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. पण कारखान्यातल्या कुणीतरी तक्रार केली असावी. शनिवारी निरोप आला की सोमवारी कारखाना तपासणी खात्याचे साहेब तिला भेटायला घरीच येणार आहेत.

रविवारी दुपारी ठेकेदार आला.

गाडी त्याने फाटकाला चिकटवून लावली, म्हणजे कुणाला आत-बाहेर करता येऊ नये. दोन माणसं फाटकाशी उभी राहिली. तो बूट घालूनच आत आला. बाईंच्या समोरची खुर्ची घेतली, पाय लांब केले आणि म्हणाला, "सविताला बोलवा खाली."

"'जरा' राहिलं," बाई म्हणाल्या. "जरा बोलवा."

तो हसला. "मॅडम अजून तशाच हायत."

"तू मला ओळखतोस?"

"तुमी नाय ओळखलं मला?" त्याने शाळेचं नाव सांगितलं. "नववी. खिडकीकडचा शेवटचा बाक. बेटेगाववरून यायचो. तुमी मला चालवलेलं सगळ्यांपुढं."

सविता आणि मी जिन्यातच थांबलो. तिने माझं मनगट धरलं. बाईंचा चेहरा मला बाजूने दिसत होता. त्या हलल्या नाहीत.

"बापाने बूट घेतलेले," ठेकेदार सांगत होता. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. "पहिलेच. वाढत्या पायाला पुरावे म्हणून दोन नंबर मोठे घेतले. पाय उचलला की बूट मागं राहायचा. मग मी असे पाय फेकून चालायचो, निसटू नये म्हणून. तुमाला वाटलं मस्ती हाय पोराला." तो थांबला. "शब्द कुठला होता तो आता आठवत पन नाय. हसणं आठवतं. त्या दिवसानंतर शाळेत गेलोच नाय. बाप म्हणाला, चल मग कामाला."

बाहेर फाटकाशी कुणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला.

"असू दे," तो म्हणाला. "जुनं झालं. आज काम वेगळं हाय. उद्या साहेब येतील. सविता सांगेल, घरात तेल उडालं. तुमी म्हणायचं, होय, माझ्या घरात उडालं. तुमी शिक्षक माणूस, तुमच्यावर कोण शंका घेणार? एवढंच."

"माझ्याकडे खोलीत तळण नाही," बाई म्हणाल्या. "नियम आहे."

"मॅडम."

"थांब." बाईंनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. "त्या दिवशी माझं चुकलं. मी बुटांकडे पाहिलं नाही. तुझ्यावर मी अन्याय केला, त्याची माफी मागते. आणि उद्या मी खोटं सांगणार नाही."

ठेकेदार पुढे झुकला. "माफी मागता, अन् ऐकत पन नाय?"

"ती दोन वेगळी वाक्यं आहेत."

तो उठला. जिन्याकडे पाहून, आम्ही तिथे आहोत हे मघापासून माहीत असल्यासारखा बोलला, "सविता, तुझ्या भावाला पन मीच लावलंय कामाला, ध्यानात ठेव." मग बाईंना म्हणाला, "पोरी शिफ्ट करून येतात मॅडम. गल्लीत दिवे नसतात." गाडी गेली. पण त्याचा एक माणूस समोरच्या भिंतीला मोटरसायकल टेकवून संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होता. दूधवाल्याला त्याने थांबवून काहीतरी विचारलं, आणि दूधवाला फाटकात न शिरता तसाच निघून गेला.

बाई वर आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी सविताला उद्या काय बोलायचं ते सांगायला सुरुवात केली. आधी वेळ सांग, मग जागा, मग पाइप. घाबरायचं नाही. अमुक विचारलं तर तमुक उत्तर दे. सविता गादीवर बसून ऐकत होती. मग म्हणाली, "मी तेल उडालं म्हनते बाई. माझा भाऊ हाय तिथं."

"अजिबात नाही. तू खरं तेच सांगायचं."

"तुमचं काय जातं?"

बाईंशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. सविताने मान वळवली, पट्टी ताणली गेली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं, पण ती थांबली नाही. "गाडीत तो सांगत होता काय बोलायचं. आता तुमी सांगता. मला कोन इचारतं? हात माझा जळला, भाऊ माझा, नोकरी माझी."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता 'विचारतं' असं येणार. त्यांनी तोंड मिटलं आणि त्या खाली गेल्या. त्या वेळी त्या कठडा धरून उतरल्या.

त्या रात्री आमच्यापैकी कुणीच नीट जेवलं नाही. सकाळी आम्ही काही न म्हणता मोटार सुरू झाली.

साहेब दहाच्या सुमारास आले. सोबत एक कारकून. मोटरसायकलवाला पुन्हा समोर येऊन बसला होता. बाईंनी आपलं म्हणणं थोडक्यात सांगितलं. माझ्या घरात तेल उडालेलं नाही. गुरुवारी दुपारी ही मुलगी ठेकेदाराच्या गाडीतून उतरली तेव्हा पट्ट्या बांधलेल्याच होत्या. त्यापलीकडे मी काही पाहिलेलं नाही. साहेबांनी विचारलं, "तिने तुम्हाला काय सांगितलं?" बाई म्हणाल्या, "ते तिला विचारा." आणि त्या उठून बाहेर ओट्यावर गेल्या. दार त्यांनी ओढून घेतलं.

मला त्यांचा राग आला. तिला एकटं टाकून गेल्या असं वाटलं. सविता खाली मान घालून बसली होती. साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला. कारकुनाने घड्याळ पाहिलं. आता ती तेलाचं सांगणार, अशी माझी खात्री झाली, आणि तिला दोष द्यायला माझी जीभ वळली नसती.

"मागं एकीच्या पायावर उडालेलं," सविता म्हणाली. "तिला बी घरी पाठवलं. ती परत आलीच नाय." मग हळूहळू सगळं आलं. जोड किती दिवसांपासून गळत होता. बायांनी सुपरवायझरला सांगितलं होतं. त्याने चिकटपट्टी गुंडाळून तसंच चालवायला लावलं. हातमोजे फाटके होते. "माझ्या अंगावर पडल्यावर धुवायला गेली तं नळाला पानी नव्हतं. एका बाईनं पियाच्या बाटलीतलं पानी वतलं." कारकून लिहीत होता. साहेबांनी मध्ये एकदाच विचारलं, "सही करशील?" ती म्हणाली, "करीन. पन भावाचं बघा."

भावाचं कुणी बघितलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. कारखान्याचा तो भाग बंद करून जोड बदलले, सविताला सरकारी दवाखान्यात नेऊन पुढचे उपचार झाले, आणि त्या ठेकेदाराचा तिथला ठेका गेला. दुसऱ्या कारखान्यांत त्याची माणसं होती, त्यामुळे तो काही रस्त्यावर आला नाही. पण बरेच दिवस आम्ही भीतीत काढले. मी कामावरून येताना दोन-तीन मैत्रिणींना घरापर्यंत आणायचे. एका सकाळी फाटकाचं कुलूप कुणीतरी दगडाने ठेचलेलं दिसलं. बाईंनी नवीन आणलं. सविताचा भाऊ पुढे पालघरला एका गॅरेजमध्ये लागला. ती स्वतः केमिकलमध्ये परत गेली नाही. एका रोपवाटिकेत गेली. मानेवरचा डाग राहिला तो राहिलाच.

सगळं निवल्यावर बाईंनी मला विचारलं, "तुला सुट्टी कधी आहे? माझ्याबरोबर यायचं आहे. ठेकेदाराकडे."

मी नको म्हटलं. सविताही नको म्हणाली. बाई म्हणाल्या, "मी त्याला वर्गासमोर चालवलं. माफी मागितली ती बंद खोलीत. ती चालत नाही."

शेवटी बाईंबरोबर मी एकटीच गेले. ठेकेदाराचं ऑफिस एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर होतं. सकाळची वेळ, कामावर जाणारे पंधरा-वीस कामगार आत-बाहेर उभे, बहुतेक हिंदी बोलणारे. ठेकेदार टेबलामागे होता. बाईंना पाहून तो उठला नाही.

"ठेका गेला माझा तुमच्यापायी," तो म्हणाला. "आता काय पायजे?"

"तुझ्याकडून काही नको," बाई म्हणाल्या आणि त्याच्याकडे पाठ करून कामगारांकडे वळल्या. दारातला एक माणूस माझ्या मागे येऊन उभा राहिला होता.

बाईंचं हिंदी भयंकर होतं. त्या कधी बोलतच नसत. "ये तुम्हारा शेठ," त्यांनी सुरुवात केली, "लहान था तब मेरे वर्ग में था. मैंने इसका चाल का मस्करी किया." मागे कुणीतरी फिसकन हसलं. "इसका बूट मोठा था. मेरे को दिसा नहीं. मैंने सबके सामने इसको चलवाया, सब हसे." आता दोघं-तिघं हसत होते, एक जण दुसऱ्याच्या खांद्याआड तोंड लपवत होता. बाईंचे कान लाल झाले. चुकतंय हे त्यांना कळत होतं, ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्या थांबल्या, आणि मला वाटलं आता त्या कुणाला तरी झापतील. पण त्यांनी तेच वाक्य पहिल्यापासून परत घेतलं. "मैंने सबके सामने इसको चलवाया. वो मेरा चूक था. मैं इसकी माफी मांगती."

'मेरा चूक'ला हसण्याची मोठी लाट आली.

"ए," ठेकेदार म्हणाला. फार मोठ्याने नाही. "हसना नहीं."

पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. बाई वळल्या. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. टेबलावरचा फोन उचलून त्यात काहीतरी शोधत होता. बराच वेळ शोधत राहिला.

"झालं ना मॅडम?" शेवटी तो म्हणाला. "जा आता. उतरताना शेवटच्या पायरीला जपून. ती हालते."

आम्ही उतरलो. माझ्या मागे उभा असलेला माणूस बाजूला झाला होता. खाली बाईंनी पाय टाकण्याआधी बुटाच्या टोकाने ती पायरी चाचपली. फरशी खरंच हलत होती.

रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "त्याने सांगितलं नसतं तर मी पडले असते."